विश्लेषण : खाणे तेवढेच, तरी वजन का वाढते? इंजेक्शनआधी तपासायला हवीत ही कारणे

जेवणात फारसा बदल नाही, दिनचर्याही तीच, तरीही सहा महिन्यांत पाच-सहा किलो वजन वाढले, अशी तक्रार घेऊन अनेक जण डॉक्टरांकडे जातात. त्याहून जास्त जण डॉक्टरांकडे न जाता थेट डाएट, जिम किंवा आता वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचा विचार करतात. मात्र वाढलेले वजन प्रत्येक वेळी जास्त खाण्यामुळेच असते असे नाही. रोजची एखादी गोळी, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, पाळीतील बिघाड, अपुरी झोप किंवा शरीरात साठलेले पाणी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा असतो. ते कसे ओळखायचे, कोणत्या तपासण्या उपयोगी ठरतात आणि केव्हा थांबून चालत नाही, याचा आढावा.

हा विषय आताच चर्चेत का?

भारतात मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने आले. जूनमध्ये सेमाग्लुटाइड हे ‘वेगोव्ही’ या नावाने दाखल झाले. दोन्ही इंजेक्शन आठवड्यातून एकदा घ्यायची असतात. मौंजारोच्या सर्वांत कमी मात्रेच्या एका कुपीची किंमत सुरुवातीला ३,५०० रुपये होती, म्हणजे महिन्याला सुमारे १४ हजार रुपये. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातील मुख्य पेटंटची मुदत संपली आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांचा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे आतापर्यंत मोजक्यांना परवडणारे हे उपचार मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात येऊ लागले आहेत.

दुसरीकडे लठ्ठपणाचे प्रमाणही वाढते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील २०.६ टक्के महिला आणि १८.९ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ आढळले होते. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. औषध सहज मिळू लागले की वजन कसे कमी करायचे याचीच चर्चा अधिक होते. वजन का वाढले, हा पहिला प्रश्न मागे पडतो.

कारण शोधण्याची सुरुवात कुठून करावी?

वजन किती वाढले यापेक्षा किती दिवसांत वाढले, हे आधी पाहावे. दोन-चार दिवसांत किंवा आठवड्यात वजन एकदम वाढले तर ती बहुधा चरबी नसते, पाणी असते. काही आठवड्यांत ते काही महिन्यांत वाढले तर नव्याने सुरू झालेले औषध, संप्रेरकांमधील बिघाड, पाळीतील बदल किंवा नुकतीच सोडलेली सिगारेट यांकडे पाहावे लागते. दरवर्षी एक-दोन किलो असे हळूहळू वाढत गेले असेल तर त्यामागे बहुतेक वेळा खाणे, हालचाल, झोप आणि वय यांचा एकत्रित परिणाम असतो.

वजन कुठे वाढले, हा दुसरा प्रश्न. पाय, घोटे आणि डोळ्यांभोवती सूज असेल तर पाण्याचा संशय घ्यावा. चेहरा आणि पोट वाढले पण हातपाय बारीकच राहिले, तर कारण संप्रेरकांत असू शकते. पाळी येणाऱ्या वयातील महिलेची पाळी चुकली असेल, तर बाकी सगळ्याआधी गर्भधारणेची चाचणी करावी.

आठवड्यात वाढलेले वजन धोक्याचे असते का?

असू शकते. हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता कमी झाली की शरीरात पाणी साठते. मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाऊ लागली किंवा यकृत निकामी होत असेल तरीही तेच होते. हृदयविकार असलेल्या रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगितले जाते, ते याचसाठी. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वाढ झाली, तर अशा रुग्णाने लगेच डॉक्टरांना कळवावे.

वजनाबरोबर पायावर सूज असेल, बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, आडवे झाल्यावर दम लागत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर डाएट सुरू करून वाट पाहण्यात अर्थ नाही. पोट भराभर वाढत असताना हातपाय बारीक होत असतील, तर पोटात पाणी किंवा महिलांमध्ये अंडाशयातील गाठ नाही ना, हे सोनोग्राफीने तपासावे लागते. ‘पोट सुटले आहे’ म्हणून अशी लक्षणे महिनोन् महिने दुर्लक्षित राहतात आणि उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

रोजच्या गोळ्यांमुळे वजन वाढते का?

होय, आणि सर्वांत जास्त निसटणारे कारण हेच आहे. मानसिक आजारांवरील ओलान्झापिन, क्लोझापिन आणि क्वेटियापिन, नैराश्यावरील मिर्टाझापिन, झोप, डोकेदुखी किंवा मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, मायग्रेनसाठीचे फ्लुनारिझिन, तसेच नसांच्या दुखण्यासाठीचे प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन या सर्वांमुळे वजन वाढू शकते. काही औषधे भूक वाढवतात, काहींमुळे सुस्ती येऊन हालचाल कमी होते, तर काहींमुळे अंगात पाणी साठते.

मधुमेहाच्या उपचारातही हा फरक दिसतो. इन्शुलिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन यांनी वजन वाढू शकते, मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही. म्हणजे साखर आटोक्यात आणणाऱ्या एका औषधाने वजन वाढायचे आणि ते उतरवायला दुसरे महागडे औषध घ्यायचे, असेही घडू शकते. रक्तदाबासाठीच्या ॲटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गटातील औषधांनीही थोडी वाढ होते. तीन महिन्यांनी एकदा घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शननेही काही महिलांचे वजन वाढते. मुलांची भूक वाढावी म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक सिरपमध्ये सायप्रोहेप्टाडिन असते. मुळात हे ॲलर्जीचे औषध, पण ते भूक वाढवते.

यावर उपाय म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे मात्र घातक आहे. अपस्माराचे औषध अचानक थांबवले तर झटके येऊ शकतात, बीटा ब्लॉकर अचानक थांबवल्यास हृदयाची तक्रार उफाळू शकते. बहुतेक गटांत वजनावर कमी परिणाम करणारा पर्याय असतो. तो आपल्याला चालेल का, हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

सांधेदुखीच्या ‘रामबाण’ पुड्यांचा काय संबंध?

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी स्टिरॉइड औषधे दमा, संधिवात, त्वचारोग अशा अनेक आजारांत जीव वाचवतात. पण ती दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतली तर चेहरा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट वाढते, हातपाय बारीक होतात, त्वचा पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडतात आणि पोटावर जांभळट रुंद पट्टे उमटतात. सोबत साखर आणि रक्तदाबही वाढतो, हाडे ठिसूळ होतात. या लक्षणसमूहाला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. शरीरातच कॉर्टिसोल जास्त तयार झाल्याने होणारा कुशिंग दुर्मीळ आहे. बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडमुळे होणारा मात्र तितका दुर्मीळ नाही.

आपण स्टिरॉइड घेतो आहोत हेच अनेकदा रुग्णाला ठाऊक नसते, ही खरी अडचण. लेबल नसलेल्या, ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखी आणि दम्याच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची प्रकरणे भारतातील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली आहेत. गोरे दिसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही क्रीममध्येही तीव्र स्टिरॉइड असते. एखाद्या पुडीने दोन दिवसांत गुडघा दुखायचा थांबला, भूक वाढली आणि चेहरा भरला, तर ‘तब्येत सुधारली’ असे म्हणण्याआधी ती पुडी डॉक्टरांना दाखवावी. अशी पुडी अनेक आठवडे घेतली असेल तर एकदम बंदही करू नये. शरीराने स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी केलेले असते. अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवाला धोका होऊ शकतो.

थायरॉइडचा वाटा किती?

लोक समजतात त्यापेक्षा कमी. थायरॉइड ग्रंथी मंदावली की थकवा, बद्धकोष्ठता, थंडी न सोसणे, कोरडी त्वचा, केस गळणे, पाळीत जास्त रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात आणि वजनही वाढते. मात्र केवळ थायरॉइडमुळे होणारी वाढ साधारण दोन ते साडेचार किलोंची असते. त्यातही मोठा भाग मीठ आणि पाण्याचा असतो. पंधरा-वीस किलोंची वाढ एकट्या थायरॉइडच्या खात्यावर टाकता येत नाही.

तरीही तपासणी आवश्यक आहे, कारण हा आजार आपल्याकडे सर्रास आढळतो. भारतातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची कमतरता दिसली होती. रक्तातील टीएसएच या साध्या तपासणीने तो कळतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर तपासणीआधी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात, अन्यथा काही यंत्रांवर अहवाल चुकू शकतो. आजार नसताना केवळ बारीक होण्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडांची झीज होते.

महिलांमध्ये वेगळी कारणे असतात का?

पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, मुरुमे आणि पोटाभोवती वाढणारे वजन ही पीसीओएसची लक्षणे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के महिलांना हा त्रास असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत महिलांचे निदानच झालेले नसते. या विकारात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. त्यामुळे वजन वाढते आणि वाढलेल्या वजनाने पीसीओएस आणखी बळावतो. एकट्या सोनोग्राफीवरून हे निदान होत नाही. पाळीचा इतिहास आणि पुरुषी संप्रेरकांची लक्षणे किंवा त्यांची रक्तातील पातळीही पाहावी लागते.

रजोनिवृत्तीच्या काळात इस्ट्रोजेन कमी होते आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते. वजनकाटा फारसा हलत नाही, पण ब्लाउज आणि ड्रेस कमरेत घट्ट होतात. याच वयात स्नायू घटत असल्याने शरीराला लागणाऱ्या उष्मांकांची गरजही कमी होते. ताटातले अन्न मात्र तेवढेच राहते.

झोप आणि सिगारेट यांचा वजनाशी काय संबंध?

अपुऱ्या झोपेमुळे भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि पोट भरल्याची सूचना देणारे कमी होते. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या तरुणांची झोप रोज सरासरी १.२ तासांनी वाढवण्यात आली. डाएटविषयी काहीही न सांगता त्यांचे खाणे दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटले. रात्रपाळी करणारे आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहणारे यांच्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे आहेत. वाढलेल्या वजनाने तो होतो आणि त्याच्यामुळे वजन उतरवणे कठीण जाते.

सिगारेट सोडल्यानंतर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. त्यासाठी पुन्हा सिगारेट धरण्याचे कारण नाही. ती सोडल्याचा फायदा या वाढीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

‘खाणे तेवढेच आहे’ हे खरे असते का?

अनेकदा खाण्याचे प्रमाण तेवढेच असते, पण त्यातला ऐवज बदललेला असतो. चार माणसांच्या घरात महिन्याला तेलाची एक लिटरची एक पिशवी जास्त लागू लागली, असे समजू. एक लिटर तेलात सुमारे ८,२०० कॅलरी असतात. चार जण आणि तीस दिवस असे भागले तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज जवळपास ७० कॅलरी येतात. हे साधारण वीस मिनिटे चालण्याइतके झाले. ताटात पोळ्या तेवढ्याच दिसतात, वाढ फोडणीत असते. दोन चमचे साखर घातलेले चार कप चहा म्हणजे केवळ साखरेच्या १६० कॅलरी.

पाकीटबंद पदार्थांबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये केलेला प्रयोग बोलका आहे. वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाण्याची मुभा दिली गेली. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. आपण जास्त खातो आहोत हे खाणाऱ्याला जाणवतेच असे नाही.

वजनकाटा काय सांगत नाही?

चरबी किती आणि कुठे आहे, हे काटा सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. भारतीय व्यक्ती दिसायला बारीक असली तरी तिच्या अंगात चरबी जास्त असू शकते, हे त्यातून जगासमोर आले.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ मानली जाते. पाच फूट पाच इंच उंचीच्या व्यक्तीसाठी ती साडेबासष्ट किलोंच्या आसपास येते. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि महिलांमध्ये ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर तो धोक्याचा इशारा समजतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने आणि भारतीय तज्ज्ञांच्या गटानेही केवळ बीएमआयवरून लठ्ठपणा ठरवू नये, शरीरातील चरबी आणि अवयवांवर झालेला परिणाम पाहावा, अशी भूमिका मांडली.

मग इंजेक्शन घेऊच नये का?

योग्य रुग्णासाठी ती उपयुक्त आहेत. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणावर या गटातील औषधांच्या वापराची सशर्त शिफारस केली. पण औषध थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे दिसले आहे. गर्भवती महिलांना ती देत नाहीत. थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असेल तर ती टाळतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर विशेष खबरदारी घ्यावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कारण कायम राहिले तर खर्च वाया जातो, आणि कधी आजारही झाकला जातो. हृदयामुळे साठलेले पाणी या इंजेक्शनने उतरत नाही. स्टिरॉइडची पुडी सुरू असताना ते घेतले, तर काटा खाली येईल, पण हाडांची झीज चालूच राहील. इंजेक्शन स्वस्त होईल तसा हा धोका वाढणार आहे. त्यामुळे ही औषधे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावीत या नियमाची अंमलबजावणी औषध दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीत किती काटेकोर होते, याला महत्त्व आहे.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

गेल्या वर्षभरात घेतलेल्या सर्व औषधांची यादी किंवा पाकिटांचे मोबाइलवर काढलेले फोटो न्यावेत. त्यात पुड्या, काढे, क्रीम, प्रोटीन पावडर आणि गर्भनिरोधकेही असावीत. प्रत्येकाची सुरुवात कधी झाली आणि वजन कधीपासून वाढू लागले, या दोन तारखा शेजारी लिहिल्या तर अनेकदा तिथेच उत्तर सापडते. शक्य असल्यास दोन आठवडे रोज सकाळी, एकाच काट्यावर घेतलेल्या वजनाची नोंद, पाळीच्या तारखा आणि झोपेचे तासही सोबत असावेत.

सुरुवातीला बहुतेकांना रक्तदाब, कमरेचा घेर, टीएसएच, साखर, कोलेस्टेरॉल, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि लघवीची तपासणी पुरेशी असते. कॉर्टिसोलच्या विशेष चाचण्या लक्षणे असतील तरच करतात. सकाळी एकदा रक्तातील कॉर्टिसोल पाहून कुशिंगचे निदान होत नाही. महागड्या ‘फुल बॉडी’ पॅकेजपेक्षा औषधांची ती यादी अधिक उपयोगी ठरू शकते.

या तपासण्यांत काहीच निघाले नाही, तर आहार, झोप आणि हालचाल यांवर काम करावे आणि गरज असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाचा विचार करावा. काही निघाले, तर वजनाच्या निमित्ताने एखादा आजार वेळेत सापडला असे म्हणता येईल. ‘तुम्ही खाता फार’ हा शेरा घरातून किंवा दवाखान्यातून मिळाला, तरी वजन वाढल्याचे कारण विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.